कोनशिलेवर ज्यांचे नाव नाही

आमच्या तालुक्याच्या गावातले मिस्त्रीबाबा गेल्या महिन्यात गेले. वय नव्वदीच्या घरात होते. वृत्तपत्रात दोन ओळींची बातमी आली नाही. कुणी नेता शोकसंदेश घेऊन आला नाही. परंतु अंत्ययात्रेला वडारवाड्यातले, मोमीनपुऱ्यातले, मोंढ्यातले हमाल, शाळेचे निवृत्त मास्तर असे सारे लोक पायी चालले. ज्यांच्या घरांना बाबांचा हात लागला होता ती माणसे होती ही. ज्या गावाने या माणसाला तरुणपणी थापीला हात लावू दिला नव्हता, तेच गाव त्यांच्या मागे चालत होते.

बाबांचे नाव आम्ही येथे देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे आणि तिला कारणही आहे. ते पुढे येईल.

चळवळीचा इतिहास लिहिताना आम्ही पुढाऱ्यांवर लिहितो, कवींवर लिहितो, शहिदांवर लिहितो. ते लिहिलेच पाहिजे. नामांतरासाठी प्राण गेलेल्या पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांची नावे विसरणारा समाज कृतघ्न ठरेल. परंतु ज्याने आयुष्यभर संसार केला, लेकरे शिकवली, भिंती उभ्या केल्या आणि त्यातूनच चळवळ जगवली, त्या माणसासाठी आमच्याकडे एक शब्द नसतो. उलट त्याला ‘संसारी माणूस’ म्हणून आम्ही बाजूला सारतो. हा अपराध आमच्याही हातून घडला आहे. म्हणून हा लेख.

बाबांचा जन्म निजामाच्या राज्यातला, अंदाजे १९३६ सालचा. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा ते बारा वर्षांचे. शाळा नाही, अक्षर नाही. मेलेली जनावरे ओढणे, लाकडे फोडणे आणि बांधकामावर पडेल ते ओझे वाहणे ही घरची कामे. महाराच्या पोराने दगड वाहावा, चिखल तुडवावा, पाणी शेंदून नाही, लांबून आणून द्यावे. पण थापी हातात घ्यायची नाही! भिंत रचणारा वेगळा आणि भिंतीचा भार वाहणारा वेगळा. मजुरीतला फरक दुपटीचा. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून जास्त पगाराच्या विणखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. जात माणसाला नुसते गावाबाहेर ठेवत नाही, ती त्याच्या हाताला कसब शिकू देत नाही. जातीने कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात दाखवून दिले. मिस्त्रीबाबांना तो निबंध वाचता येत नव्हता. त्यांनी तो डोक्यावरच्या घमेल्यात वाहिला होता.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच आपले मिलिंद महाविद्यालय, तोच नागसेनवनाचा परिसर. बाबासाहेब स्वतः त्या बांधकामात बारकाईने लक्ष घालत. मुंबईतले आपले राजगृहही त्यांनी असेच जातीने लक्ष घालून, ग्रंथांसाठी जागा राखून बांधून घेतले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना केंद्राचे बांधकाम खातेही त्यांच्याकडेच होते. बांधकाम म्हणजे काय आणि बांधणारा मजूर म्हणजे कोण, हे या देशात त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

पंधरा वर्षांचे मिस्त्रीबाबा चुलत्याबरोबर त्या कामावर बिगारी म्हणून गेले. बाबासाहेबांना त्यांनी लांबून पाहिले, एकदाच. ते सांगत, “डोक्यावर घमेलं व्हतं बाळा. हात जोडावं म्हणलं तर घमेलं पडंल. तसाच हुबा ऱ्हायलो.” ही गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून किमान दहा वेळा ऐकली असेल. दरवेळी ते तेवढेच सांगत, त्यात एक शब्दही वाढवत नसत.

त्याच दिवसांत एका मुस्लिम उस्तादाने त्यांच्या हातात थापी दिली. उस्तादाने जात विचारली नाही, फक्त ओळंबा कसा धरतोस ते पाहिले. चुना किती मळायचा, वाळू चाळून कशी घ्यायची, चिरा कुठल्या अंगाने बसवायचा, गुण्या लावून कोपरा कसा काढायचा, हे सारे बाबा त्या उस्तादाकडे शिकले. चार वर्षांनी गावी परतले ते गवंडी होऊन. पण गावाने काम दिले नाही. सुरुवातीची कामे मिळाली ती मोमीनपुऱ्यात आणि आपल्या वस्तीत. पुढे एका पावसाळ्यात मोंढ्यातल्या एका अडत्याची भिंत कोसळली. दुसरा गवंडी मिळेना, तेव्हा बाबांना बोलावणे आले. भिंत उभी राहिली, टिकली. मग हळूहळू ‘मिस्त्री’ हा शब्द त्यांच्या जातीच्या पुढे गेला. घर बांधून झाल्यावर मात्र वास्तुशांतीचे जेवण त्यांना अंगणातच मिळायचे. ज्या स्वयंपाकघराच्या ओट्याला त्यांनी स्वतः घोटाई केली, त्या ओट्यापर्यंत जायला त्यांना बंदी! बाबा जेवत नसत. मजुरी मोजून घेत आणि सायकल काढत.

बांधणाऱ्यांचा आणि समतेच्या चळवळीचा संबंध जुना आहे. महात्मा फुले स्वतः ठेकेदारी करत. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवणे, येरवड्याच्या पुलाचे काम ही कामे त्यांनी केली. इंजिनिअर खात्यात मजुराला कसे लुबाडतात हे त्यांनी आतून पाहिले आणि त्यावर लिहिलेही. तेव्हा थापी आणि लेखणी यांच्यात वैर नाही. वैर आम्ही, चार बुके शिकलेल्यांनी, निर्माण केले.

त्याची कबुली द्यायची आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, अंगात रग होती. मोर्चाची तयारी चालली होती. बेचाळीस वर्षांच्या मिस्त्रीबाबांच्या दारात आम्ही दहा-बारा पोरे गेलो. ते सायकलला थापी, ओळंबा, घमेले बांधत होते. म्हणाले, “तुमी जा लेकरांनो. मला जरा काम हाय.” आम्ही तोंडावर काही बोललो नाही, पण वळल्यावर म्हणालो, “घरकोंबडा!” पुढे वर्षभर त्यांच्याशी आम्ही धड बोललो नाही. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला तेव्हा तर त्यांना विचारलेच नाही.

सत्य आम्हाला फार उशिरा, एका जळालेल्या वस्तीत कळले. शेजारच्या तालुक्यातल्या त्या गावी आम्ही कपडे आणि धान्य वाटायला गेलो होतो. तिथली एक म्हातारी म्हणाली, “तुमच्या गावचा मिस्त्री नसता तर पावसाळा उघड्यावर गेला असता.” घरे जळाल्यावर चौथ्या दिवशी बाबा तिथे पोहोचले होते. बरोबर दोन भाचे. गावाने विहीर बंद केलेली, म्हणून पाणी दीड कोसावरून आणायचे. काळे पडलेले दगड घासून, जे तडकले नव्हते ते निवडून त्यांनी त्याच पायावर पुन्हा लावले. सात घरे अशी उभी केली. मजुरी घेतली नाही. रात्री तिथेच झोपले. आणि घरी आल्यावर कुणाला सांगितले नाही! आम्ही माफी मागायला गेलो तर हसले. म्हणाले, “मोर्चा काढलाच पायजे. पर मोर्चातून माघारी आल्यावर माणसानं निजावं कुठं?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा आम्ही गुलाल उधळत होतो. बाबा त्या दिवशीही कामावर होते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी बिगाऱ्यांना पेढे वाटले आणि पुन्हा परांचीवर चढले.

आता त्यांच्या घराविषयी. माय, म्हणजे बाबांची पत्नी, पहिल्यापासून त्यांच्याबरोबर कामावर असायची. वाळू चाळणे, माल कालवणे, पाट्या वाहणे. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पुढे बाबा स्वतः लहानसहान कामे गुत्त्याने घेऊ लागले, तेव्हा मायने एकच अट घातली. बाईला आणि बाप्याला हजेरी सारखी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला होता, पण तालुक्याच्या गावात तो कुणी ऐकला होता? बाबांनी मायची अट पाळली. बाकीचे गुत्तेदार चिडले, ‘बायका बिघडवतो’ म्हणाले. बाबांचे उत्तर ठरलेले, “पाटी बाईच्या डोक्यावर हलकी व्हती का?”

तीन मुली आणि एक मुलगा. अक्षर येत नसलेल्या या माणसाला किती ब्रास खडी लागेल, किती पोती सिमेंट लागेल, हे तोंडी येत असे. संध्याकाळी हातपाय धुऊन ते थोरल्या मुलीपुढे बसत आणि ती त्यांना वृत्तपत्र वाचून दाखवी. बाबासाहेबांची भाषणे त्यांनी अशी कानाने वाचली. सही करायला त्यांना त्याच मुलीने शिकवले. ती पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. दुसरी परिचारिका झाली. धाकटीने तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेतली. बापाच्या थापीखालचे काम तिने कागदावर आणले. घर बांधले ते सगळ्यात शेवटी, एकेक खोली करत, आणि मायच्या नावावर.

परंतु आम्ही येथे देवमाणसाचे चित्र काढायला बसलेलो नाही. बाबाही चुकले. मधल्या मुलीने मातंग समाजातल्या मुलाशी लग्न ठरवले तेव्हा बावीस प्रतिज्ञा घेतलेले हे बाबा दोन वर्षे तिच्याशी बोलले नाहीत. आमच्यापैकी कुणीही त्यांना समजावायला गेले नाही, कारण आमच्याही मनात तेच होते! शेवटी मुलीनेच विचारले, “बाबा, तुमच्या उस्तादानं थापी देताना तुमची जात विचारली होती का?” बाबा रात्रभर जागे होते असे माय सांगायची. सकाळी ते त्या मुलाच्या घरी गेले. भिंतीचा ओळंबा चुकला तर भिंत पाडून पुन्हा बांधायची असते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्यापैकी किती जण आपली भिंत पाडायला तयार आहेत?

आणि मुलगा? तो १९८४ साली गेला. बावीस वर्षांचा होता. एका मोठ्या ठेकेदाराच्या कामावर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. बांबू कुजलेले होते. हजेरीच्या वहीत त्याचे नावच नव्हते, म्हणून तो कामगार नव्हता, म्हणून भरपाई नव्हती. बाबा महिनाभर थापीला शिवले नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एक नियम पाळला. परांची बांधली की आधी स्वतः चढून, उड्या मारून पाहायची आणि मगच दुसऱ्याला चढू द्यायचे. सत्तरीतही ते हे करत. लोक हसत. त्यांना कारण माहीत नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसे गेली. बाबा पुनर्वसनाच्या कामावर गेले आणि वर्षभर राहिले. परतले ते अबोल होऊन. मग गावात घरोघर फिरू लागले. सांगू लागले की माणसांना भूकंपाने नाही मारले, आपल्याच भिंतींनी मारले. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे आठवा. दोन-अडीच फूट रुंदीची दगडी भिंत, पण आतून दोन वेगळे पदर आणि मध्ये दगडगोटे व चिखल. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही पदर बांधून ठेवणारा दगड नाही. वर लाकडावर मातीचा जाड थर आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती. जमीन हलली तशी भिंत उकलली आणि ती सारी माती झोपलेल्या माणसांवर आली. कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या घरांत राहणारे गोरगरीब अनेक ठिकाणी वाचले. बाबा त्यात सूड शोधत नव्हते. ते वाड्यांच्या मालकांकडेच जाऊन विनवत होते की धाब्यावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला. ज्यांच्या अंगणात ते कधी जेवले नव्हते, त्यांच्या लेकरांसाठी हा माणूस दारोदार फिरला. याला मैत्रीभावना म्हणतात. ती बाबांनी पुस्तकातून घेतली नव्हती.

बांधकाम कामगारांसाठीचा केंद्राचा कायदा १९९६ साली आला. नोंदणीची वयोमर्यादा अठरा ते साठ. त्या वर्षी बाबा साठीचे झाले! महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडले, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्याने गाव बांधले, तो सरकारच्या लेखी बांधकाम कामगार कधी ठरलाच नाही. तरी तालुक्याला नोंदणी सुरू झाली तसे बाबा दुसऱ्यांचे अर्ज घेऊन रांगेत उभे राहू लागले. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा असतो आणि गुत्तेदार तो देत नाही. बाबा गुत्तेदाराच्या दारात बसून राहत. “तुमच्या वहीत माझ्या पोराचं नाव नव्हतं, ह्याचं तरी लिवा,” एवढेच म्हणत. इमारतीच्या खर्चावरचा उपकर बोर्डाकडे जमा होत होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर असे हजारो कोटी रुपये कामगारांपर्यंत न पोहोचता पडून असल्याबद्दल सरकारांना खडसावले. २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आणि उपकराचा जुना कायदा तिच्यात सामावून घेतला. कायद्याचे नाव बदलले, तरी गवंड्याच्या मुलाचे नाव वहीत येते की नाही, हा प्रश्न तोच आहे. आमच्या किती संघटनांनी तो आपला मानला?

आता विहाराची गोष्ट. आमच्या वस्तीतला बुद्ध विहार १९८६ साली पायाला लागला आणि १९९७ साली पूर्ण झाला. अकरा वर्षे! घरटी एक रुपया, पाच विटा, एक दिवसाची मेहनत, असे ते काम चालले. बायकांनी रात्री कंदील लावून पाट्या वाहिल्या. बाबांनी एक पैसा घेतला नाही. उद्घाटनाच्या आधी कोनशिलेवरून भांडण लागले. एका गटाला आपल्या नेत्याचे नाव हवे, दुसऱ्याला आपल्या. पत्रके निघाली, हातघाईवर प्रकरण आले. बाबांनी प्रवेशद्वाराशेजारी कोनशिलेसाठी कोनाडा ठेवला होता. ते एका सकाळी आले, त्या कोनाड्याला गिलावा केला, गुरमाळ्याने घोटला आणि निघून गेले. कोनाडा आजही तसाच रिकामा आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी धम्मपदातल्या घर बांधणाऱ्याच्या गाथेचा अर्थ सांगितला. तिथे घर बांधणारी म्हणजे तृष्णा; तिला ओळखले की पुन्हा बंधनाचे घर उभे राहत नाही. आम्हाला आठवले की हीच गाथा एकदा बाबांपुढे निघाली होती आणि ते म्हणाले होते, “ते खरंच हाय भंते. पर तवर पाऊस येतुया, पत्रं घालावंच लागतंय.” सारे हसले आणि हसताहसता रडले.

त्याच सभेत ठराव आला की रिकाम्या कोनाड्यात बाबांचे नाव कोरावे. धाकटी मुलगी उभी राहिली. म्हणाली, “नको. त्यांनी तो कोनाडा स्वतःसाठी रिकामा ठेवला नव्हता. कोरायचेच असेल तर त्या अकरा वर्षांत ज्या बायांनी पाट्या वाहिल्या त्या सगळ्यांची नावे कोरा. आणि ती आठवत नसतील तर आधी आठवा.” म्हणूनच आम्ही येथे बाबांचे नाव दिलेले नाही.

आमची खात्री आहे की प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक मिस्त्री आहे, अशी एक माय आहे. समाजबांधवांनो, १४ एप्रिलला मिरवणुका काढाच. परंतु आपल्या गावचा विहार, वाचनालय, वसतिगृह ज्या हातांनी उभे केले त्यांची नावे म्हाताऱ्या माणसांकडे बसून लिहून घ्या. ती माणसे एकेक करून चालली आहेत. त्या दिवशी भाषणांच्या आधी ती नावे वाचा. आणि विहाराच्या ओट्यावर महिन्यातून एक दिवस बांधकाम कामगारांचे अर्ज भरून द्या. बाबांना पुष्पहार नको होता. त्यांना त्या रांगेत आपल्या जागी उभा राहणारा माणूस हवा होता.

आमच्या वस्तीत नावे आठवायला सुरुवात झाली आहे. आजवर एकतीस झाली.

कालकथित मिस्त्रीबाबांना विनम्र अभिवादन! जयभीम!